आज खंडेनवमी समजा

लोकांना भीती घालणं हे माझं काम आहे. विमा कंपनीच्या वतीनं मी कारखान्यांत जाते, तिथल्या संगणकांत चोर कुठून शिरेल ते शोधते आणि शंभरपैकी गुण देते. गेल्या वर्षी एकाच आठवड्यात दोन ठिकाणी गेले: धुळ्याला फळांच्या रसाचा कारखाना, जळगावला कच्ची केळी पिकवून विकणारी कंपनी. खाण्याचा धंदा जास्त धोक्यात की पिण्याचा, हे वरिष्ठांना हवं होतं.

धुळ्याला जीव सुखावला. दारावर अंगठा, आत गेल्यावर पुन्हा अंगठा. साखर किती, रस किती तापवायचा, सगळं संगणक ठरवायचा. मी चौऱ्याऐंशी गुण दिले.

जळगावला पासवर्ड दारावर खडूनं लिहिलेला. कुणी लिहिला विचारलं तर तिघांनी हात वर केले! रावेरहून आलेल्या हिरव्या केळ्यांनी भरलेल्या सहा गार खोल्या, आणि त्यांचं तापमान सांभाळणारा एक संगणक. त्याच्यावर देखरेख पारोळ्याकडच्या, साठीला टेकलेल्या एका अक्कांची. कहर म्हणजे दरवर्षी खंडेनवमीला त्या संगणकाला झेंडूचा हार घालून दिवसभर बंद ठेवत. अवजाराला त्या दिवशी विश्रांती. केळी काही सण पाळत नाहीत, म्हणून तेवढा दिवस खोल्या हातानं चालवायच्या. मी कपाळाला हात लावला. एकतीस गुण दिले आणि शेरा मारला: ही प्रथा बंद करावी, अक्कांना यंत्रापासून दूर ठेवावं. मालकांनी तो फारच मनावर घेतला. महिनाअखेरीस अक्कांना घरी बसवायचं ठरलं.

त्याला चार दिवस उरले असताना सकाळीच मालकांचा फोन आला. दोन्ही कारखान्यांच्या यंत्रणांची दुरून देखभाल करणारी कंपनी एकच होती आणि चोर तिच्याच वाटेनं शिरले होते. माझ्या तपासणीच्या तक्त्यात ही वाट नव्हतीच. दोन्हीकडच्या संगणकांचे पडदे काळे, वर खंडणीची धमकी.

मी दुसऱ्या कामानं जळगावातच होते, धावत गेले. पिकताना केळी स्वतःच तापतात. खोल्या गरम झाल्या तर दोन दिवसांत सगळा माल काळा. मालक डोकं धरून बसलेले. तेवढ्यात अक्का आल्या.

"काय व्हयनं?"

मी समजावू लागले. त्यांनी अर्धंच ऐकलं.

"म्हंजे मशीन बंद शे. इतलंच ना?" आणि मागे वळून हाक दिली, "चला रे, आज खंडेनवमी समजा!"

सहा माणसं सहा दारांशी गेली. भिंतीवरचे हाताचे खटके, खिळ्यावरचे जुने तापमापक, नोंदीला पाटी आणि तोच खडू. अक्का एकेका खोलीत शिरायच्या, घडाच्या मधल्या केळ्यावर बोट ठेवायच्या, वास घ्यायच्या.

"हाई खोली एक डिग्री गरम शे. दार उघाडा."

मी तापमापक पाहिला. बरोबर एक अंश. तिसऱ्या खोलीनंतर मी पाहणं सोडून दिलं. यंत्रणा बंद पडल्याची तालीम करा म्हणून आम्ही मोठमोठ्या कंपन्यांच्या विनवण्या करतो, त्या ढिम्म हलत नाहीत. इथे ती तालीम झेंडूच्या हारासकट वर्षानुवर्षं चालू होती, आणि मी शहाणी ती बंद करायला निघाले होते.

दुपारी धुळ्याला फोन लावला. तिथे हुशार माणसं हात बांधून उभी होती. रस किती तापला याची नोंद नसताना बाटली बाहेर पाठवता येत नाही, त्यांनी काम थांबवलं ते योग्यच होतं. पण संगणकाशिवाय पुन्हा सुरू कसं करायचं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कारखाना अकरा दिवस बंद राहिला.

जळगावची केळी तिसऱ्या दिवशी पिवळीधमक होऊन ट्रकमध्ये चढली. मी अक्कांजवळ गेले आणि कबूल केलं, तो शेरा माझाच. मला फार लाज वाटत होती.

"माले ठाऊक शे," त्या म्हणाल्या. मग पदराच्या टोकानं दारावरचा पासवर्ड पुसून टाकला. "हाई मातर तुनं खरं व्हतं."

त्याच दिवशी मी अहवाल बदलून मालकांच्या हातात दिला. जळगावच्या कंपनीला सगळ्यात मोठा धोका कोणता, या रकान्यात आता एकच ओळ होती: अक्का घरी गेल्या तर.