ओरखड्यातला निळा रंग

महाडला गाड्या रंगवणारा माझ्या ओळखीचा एक माणूस आहे. ओरखडा तो डोळे मिटून बोटांनी चाचपतो, मगच बोलतो.

पोलादपूरजवळच्या वळणावर माझी गाडी एका निळ्या स्कूटरला घासली. स्कूटरवाला पडला, तरी मी थांबलो नाही. "फाटकाला घासली," असं मी या रंगाऱ्याला सांगितलं.

त्याने ओरखड्यातला निळा रंग नखाने खरवडला. "फाटक नाय, स्कूटर हाय ही. मानूस बरा हाय ना?"

"माहीत नाही."

त्याने पॉलिशचा डबा बंद केला. "मग आधी बघून या, साहेब."

मी गेलो. वळणाजवळच्या गावात विचारत त्या स्कूटरवाल्याचं घर शोधलं. त्याचा हात मोडला होता. मी माफी मागितली, तेव्हा त्याची बायको आतून बाहेरच आली नाही.

परतल्यावर रंगाऱ्याने काही विचारलं नाही. गाडी नव्यासारखी करून दिली. बाजारात दिसलो की अजूनही तो हसून हात करतो. मीच खाली बघतो.