एवढासा ढग

ऑफिस बंद झालं तेव्हा फायली रद्दीत गेल्या, टेबलं परत गेली, किस्से मात्र न्यायला कोणीच आलं नाही. ते माझ्याकडे राहिले, आणि दर वर्षी त्यात कुठून भर पडते कोण जाणे!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. वाशीत एका सोसायटीच्या वरच्या मजल्यावर आम्ही तिघं होतो: शास्त्रज्ञ जोगळेकर सर, सातारचा ड्रायव्हर शेलार आणि मी, टेम्पररी असिस्टंट. काम काय, तर उपग्रहाच्या फोटोवरून पनवेलकडची भाताची शेतं ओळखायची आणि त्यांना पाणी किती मिळतं ते काढायचं. मुदत तीन वर्षं. शेवटच्या वर्षी पैसे देणाऱ्या कमिटीने सांगून टाकलं, "तलाठ्याच्या वहीत नाही असं एक तरी शेत दाखवा, मुदत वाढवू. नाहीतर वही आहेच की!"

*

भात येतो पावसाळ्यात. पावसाळ्यात असतात ढग. आणि उपग्रह बघतो वरून!

तो तीन आठवड्यांनी एकदा डोक्यावरून जायचा. फोटो उघडला की नुसता कापूस. सर चष्मा काढून डोळे चोळायचे. "ढग मोजायचे असते ना, तर एव्हाना आपलं नाव झालं असतं!"

*

आमच्या नकाशात हिरवं पीक लाल दाखवायची पद्धत. सरांनी जीपच्या बॉनेटवर नकाशा पसरून शेलारला हे अर्धा तास समजावलं. त्याने नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे सर, हिरवं हाय ते लाल दावायचं. आन् मग लाल दिसलं, की ते हिरवं हाय का बघाया आपुन चिखलात जायाचं?"

सर म्हणाले, "गाडी काढ."

*

एकदा ऐरोलीच्या बाजूला लालभडक चौकोन सापडला. भाताचं खाचर! गुडघाभर चिखल तुडवत पोचलो, तर एका कंपनीचं लॉन. माळी पाइपने पाणी घालत होता. आलोच आहोत तर माहिती घ्यावी म्हणून सरांनी विचारलं, "पाणी किती देता?"

"साहेब येणार असले की जास्त!"

सरांनी तेही वहीत लिहून घेतलं.

*

पाण्याचा अभ्यास करणाऱ्या आमच्या ऑफिसचं छत गळायचं, तेही थेट कॉम्प्युटरवर. प्लंबर बोलवा म्हटलं तर सरांना पटेना. पाण्याचा माग काढायची शास्त्रीय पद्धत असते, पाण्यात रंग सोडायचा आणि तो कुठे निघतो ते बघायचं. त्यांनी गच्चीवरच्या टाकीत निळा रंग सोडला.

आम्ही छताखाली पांढरा टब ठेवून बसलो. तासाभराने सोसायटीचे सेक्रेटरी वर आले, हातात निळं बनियन. "जोगळेकर, तुमचं पाणी आमच्या बादलीत सापडलं!"

टबात थेंब पडतच होते. स्वच्छ, बिनरंगाचे.

*

पनवेलजवळच्या एका गावात ठकूमावशीच्या अंगणात आमचं पाऊस मोजायचं भांडं होतं. आठवड्याचं पाणी त्यात साठायचं, आम्ही जाऊन मोजायचो. एका आठवड्यात कुठे टिपूस नव्हता, आणि भांडं निम्मं भरलेलं! फक्त याच गावावर पाऊस? सर हरखले, तिथेच उभ्याउभ्या टिपण लिहायला लागले. मग सहज विचारलं, "मावशी, पाऊस कधी पडला?"

"पाऊस कंचा? तुमी येवढ्या लांबशी येता, भांडा रिकामा दिसला का तुमचा तोंड उतरतं. म्हनून मीच वतला दोन तांबे."

सरांनी टिपण फाडलं आणि तिने केलेला चहा घेतला.

*

तिसऱ्या वर्षी सप्टेंबरअखेर एकदाचा फोटो आला. या टोकापासून त्या टोकापर्यंत लख्ख, ढगाचा ठिपका नाही. त्यात पावसाच्या भांड्याच्या त्याच गावामागे, टेकडीपलीकडे, एक लाल चौकोन. तलाठ्याच्या वहीत तिथे लिहिलेलं: जमीन सरकारकडे गेली, पीक नाही.

"सापडलं!" सर ओरडलेच. तीन वर्षांत त्यांना इतकं आनंदात मी पाहिलं नव्हतं. मला स्वतःची नोकरी दिसत होती, खोटं कशाला बोलू.

खात्री करायला गेलो. भात कमरेएवढा उभा होता. बांधावर ठकूमावशी डबा वाजवत चिमण्या हाकलत होती.

सरांनी कौतुकाने नकाशा दाखवला. "मावशी, हे तुमचं शेत. आभाळातून दिसलं!"

तिने डबा खाली ठेवला. "जागा गेली कवाच. पन कोनी आला नाय, म्हनून लावला भात." मग नकाशाकडे बघून हळूच म्हणाली, "तुमाला दिसलं, म्हंजे आता त्यांना पन दिसंल?"

वाशीला परत निघालो. मला राग आला होता. नक्की कोणाचा, ते आजही सांगता येत नाही.

कमिटीच्या बैठकीत नकाशा टेबलावर पसरला. अध्यक्षांनी बराच वेळ पाहिला, मग टेकडीमागच्या एका पांढऱ्या चौकोनावर बोट ठेवलं.

"जोगळेकर, सगळं आभाळ स्वच्छ, आणि इथेच हा एवढासा ढग?"

सरांनी चष्मा काढला, डोळे चोळले.

"पावसाळा आहे साहेब. येतो एखादा."