अप्पांच्या उरलेल्या गोळ्या

अप्पांचं हृदय अशक्त झालं होतं; न्हाणीघरापर्यंत जातानाही धाप लागायची. कुंभकोणमच्या डॉक्टरांनी त्यांना नव्या औषधाच्या चाचणीत घेतलं. तिसऱ्या महिन्यात त्यांनी तिरुनागेश्वरमच्या देवळाला अख्खी प्रदक्षिणा घातली. मागे पडले ती मीच. "काय गे, मोर्च्यात चालतेस म्हणे तू!" ते हसले. तसं हसणं पुन्हा ऐकायला मी काहीही देईन.

चाचणी संपली. उरलेल्या गोळ्या परत करायच्या, असा नियम होता.

"अप्पा, थोड्या ठेवून घ्या. कोण बघतंय?"

"सही केलीय मी," म्हणाले, आणि शेवटची गोळीसुद्धा परत दिली. नर्सने आभार मानले. पुढे काय घ्यायचं, ते कुणीच सांगितलं नाही. औषध अजून बाजारात आलं नव्हतं. आठ महिन्यांनी अप्पा गेले.

ज्यांच्या शरीरावर औषध तपासता, त्यांना ते नंतरही द्या! माझ्या प्रत्येक पत्रकात हेच असतं.

आता ते दुकानात मिळतं. परवा मी नुसतं बघायला मागितलं. दुकानदाराने विचारलं, "कुणासाठी?"

"वडिलांसाठी," तोंडून निघून गेलं.