हात हलला असेल तुझा

खटपट्या म्हणून हाक मारली तरी तो खुशाल ओ द्यायचा. घरोघर जाऊन वॉशिंग मशीन दुरुस्त करणं हे त्याचं पोटापाण्याचं काम, पण त्याचे हात तेवढ्यावर थांबतील तर ना! त्याच्या घराची बेल दाबली की आत दिवा लागायचा, कारण बायकोच्या शिलाई मशीनच्या आवाजात बेल ऐकू येत नसे. एकदा त्याने मिक्सरच्या मोटरवर पंखा बसवला. त्या पंख्याने खोलीतले कागद उडवले, आणि बायकोची झोपही. पण काही म्हणा, गड्याच्या हाताला यश होतं. आणि हाताला यश असलेल्या माणसाला जी खोड लागते ती त्यालाही लागली होती. 'माझं चुकलं' हे शब्द त्याच्या तोंडून निघताना कुणी ऐकले नव्हते.

कामात मात्र वाकबगार. मशीन धडधडत असलं की वर नुसता तळवा टेकवायचा आणि कुठला पाय आखूड आहे ते सांगायचा. मग गिऱ्हाइकाला लेक्चर ठरलेलं. "ताई, ही थरथर फार वाईट. बाहेरून काही दिसत नाही, पण आतून सगळं खिळखिळं करते."

त्याचं सगळं काम फोनवर आणि मोटरसायकलवर चाले. फोनमध्ये गिऱ्हाइकांचे पत्ते, नकाशे, मशीनच्या आतल्या वायरिंगचे फोटो. पण धूळ आणि पाणी जाऊन जाऊन फोनचं चार्जिंगचं भोक इतकं सैल झालं होतं की वायर आत घातली तरी गाडीच्या पहिल्याच धक्क्याला निसटायची. दुपारपर्यंत फोन मान टाकायचा आणि तिकडे गिऱ्हाईक बोंबलत बसायचं. तेव्हा त्याच्या डोक्यात आलं, वायरच नको! हँडलवर एक चकती बसवायची, तिच्यावर फोन ठेवायचा, की आपोआप चार्ज.

सुटीच्या दिवशी सकाळी त्याने इमारतीखाली गाडी उघडली. सीट काढली, टाकी सैल केली, हँडलपासून बॅटरीपर्यंत वायर आतून अशी नेली की बाहेर केसाएवढीही दिसू नये. मध्ये फ्यूज घातला. चावी फिरवल्याशिवाय चकतीला वीज मिळणार नाही अशी जोडणी केली, म्हणजे उभ्या गाडीची बॅटरी उतरायला नको. जोडांवर टेप गुंडाळली, वर रबराची नळी चढवली. काम खरंच देखणं झालं. तळमजल्यावरचे काका, वॉचमन, भाजी घेऊन येणाऱ्या दोघी शेजारणी, सगळ्यांना त्याने थांबवून ठेवलं.

"बघा आता," म्हणाला, आणि चावी फिरवून चकतीवर फोन ठेवला.

काहीच होईना. फोन उचलला, पुसला, उलटा केला, सुलटा केला. ढिम्म. तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं की आपला फोन जुना आहे आणि बिनवायरीचं चार्जिंग त्यात मुळातच नाही. एवढी कारागिरी केली आणि हेच बघायचं राहिलं! काका दाढी खाजवायला लागले. शेजारणी एकमेकींकडे बघून हसल्या.

तेवढ्यात बायको चहा घेऊन खाली आली. तिच्या हातात तिचा नवा फोन. शिवणाच्या कमाईतून तिने तो मुद्दाम चांगल्या कॅमेऱ्याचा घेतला होता. ती लग्नाकार्याचे भारी कपडे शिवायची आणि काजबटणांचे, टिपांचे फोटो गिऱ्हाइकांना पाठवायची. त्या फोटोंवरच तिला नवी कामं मिळायची.

खटपट्याने तिच्या हातातून फोन घेतला आणि चकतीवर टेकवला. टिंग! हिरवी खूण आली. काकांनी "वा रे पठ्ठ्या!" म्हणून पाठ थोपटली. अब्रू वाचली, पण बायकोचा फोन गेला. कारण आता सगळ्यांदेखत दाखवलेली वस्तू वापरायची नाही म्हणजे काय? त्याने आपलं सिम त्यात घातलं आणि तिचं आपल्या जुन्या फोनात.

"अगं, दोनच दिवस. तुला फोटो संध्याकाळीच काढायचे असतात ना? मी येतोच की तोवर."

"त्याला काही झालं तर?"

"माझ्या हातून आजवर काही बिघडलंय?"

दोन दिवसांचे किती झाले ते त्यालाच ठाऊक. त्याची मोटरसायकल जुनी, एका सिलिंडरची. सिग्नलला नुसती उभी असली तरी हँडलवरचे आरसे थरथरायचे आणि मागचं सगळं पुसट दिसायचं. त्याच हँडलवर फोन दिवसभर चकतीच्या चिमट्यात घट्ट आवळलेला.

एके दिवशी संध्याकाळी बायको म्हणाली, "अहो, बघा ना जरा. फोटो सगळे पुसट येताहेत."

तो नुकताच दमून आला होता. फोन हातात घेतला. काच साफ, ओरखडा नाही, कुठे टवका नाही. आणि फोन वापरतो कोण? आपण. म्हणजे दोष फोनचा म्हटला तर तो फिरून येणार कुणावर?

"फोनला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "हात हलला असेल तुझा."

एवढंच बोलला आणि अंघोळीला गेला. तिने फोन पुन्हा कपड्यावर धरला. पडद्यावर टिपांची रेघ लटलटत होती. तिने दुसऱ्या हाताने मनगट धरून पाहिलं. तरी लटलटतच होती.

तिच्या आईचे हात असेच गेले होते. आधी सुई ओवता येईना, मग कपातला चहा बशीत सांडायला लागला, आणि शेवटची वर्षं दुसऱ्याने घास भरवावा लागायचा. त्या दिवसापासून बायको काम करता करता थांबायची आणि बोटं पसरून उजेडात धरायची. आणि भीती वाईट हो! पाहता पाहता तिची बोटं खरंच अडखळायला लागली. दोरा सुईच्या नेढ्याशी जायचा आणि बाजूने निघून जायचा.

खटपट्याला खरं कळलं ते अगदी साध्या रीतीने. एका दुपारी तो जेवायला घरी आला होता, बायको बाजारात गेली होती. दुरुस्तीला घरी आणलेल्या मोटरच्या वायरिंगचा फोटो काढायचा म्हणून त्याने कॅमेरा उघडला आणि फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून चष्मा शोधायला वळला. परत बघतो तर समोरची खिडकी पडद्यावर थरथरतेय. फोनला कुणाचा हात नाही, बोट नाही. खिडकी आपली लटलट, लटलट.

तो तसाच मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे गेला. दुरुस्तीवाल्याने वर न बघताच विचारलं, "गाडीच्या हँडलवर लावता?"

"हो."

"मग झालं तर. आतलं भिंग नाजूक स्प्रिंगांवर बसवलेलं असतं. इंजिनाच्या थरथरीने त्याचे बारा वाजतात. हँडलवर रबर तरी घालायचं." आणि मग सहज विचारलं, "तुम्ही काय काम करता?"

"असंच, फुटकळ," खटपट्या म्हणाला. वॉशिंग मशीनचं नाव काढायची त्याला लाज वाटली. थरथरीवर रोज लोकांना शहाणपण शिकवणारा माणूस!

नवा कॅमेरा मागवावा लागणार होता, आठवडाभर तरी लागेल, असं दुरुस्तीवाला म्हणाला. रस्त्याने येताना खटपट्याने पक्कं ठरवलं, घरी पोचल्या पोचल्या सांगून टाकायचं. पण दारात पाऊल टाकलं तर तिची ताई आलेली, आणि बायको तिला आपले हात दाखवत होती. ताई ते हातात घेऊन चोळत होती. तो चपला काढून सरळ आत गेला. मग मनाने वाट काढलीच. आठवडाभराचा तर प्रश्न आहे. कॅमेरा बदलला की फोटो चांगले येतील, तिची भीती आपोआप जाईल, आणि आपल्याला काही बोलावंच लागणार नाही. कसं सगळं बिनबोभाट!

त्या आठवड्यात तो एवढा चांगला वागला की विचारू नका. फोन गाडीवर लावणं बंद केलं. कामाला निघण्याआधी तिला सुया ओवून द्यायचा, वेगवेगळ्या रंगांच्या, उशीवर टोचून. विळीवर हात कापेल म्हणून तिला भाजी चिरू देईना, स्वतः चिरायचा. ती आपली भरल्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघायची. एकदा तिला फोनवर ताईशी बोलताना त्याने ऐकलं, "हात गेले तर गेले गं, पण नवरा सोन्यासारखा आहे." बादलीत भाजी धुता धुता तो तिथेच थांबला. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. तरी तोंड उघडलं नाही. सांगायला उशीर झाला की सांगणं आणखी जड होतं, आणि जड झालं म्हणून आणखी उशीर होतो. त्या आठवड्यात त्याचं असंच चाललं होतं.

शनिवारी तो लवकर घरी आला. आत बायकोच्या जुन्या गिऱ्हाईक, एक शिक्षिकाबाई, बसल्या होत्या. त्यांच्या मुलीच्या लग्नाचे सगळे कपडे बायकोकडे शिवायला होते, वर्षातलं सर्वांत मोठं काम. आणि बायको ते रेशमी कापड, न कापलेलं, घडी घालून त्यांच्या पुढ्यात ठेवत होती.

"बाई, राग मानू नका. एवढं भारी कापड, माझ्या हाताचा आता भरवसा नाही. आणि यापुढे मी नवीन कामं घेणारच नाहीये."

"अगं, पण डॉक्टरांना दाखव तरी."

"आईला दाखवलं होतं की सगळ्यांना."

बाईंनी कापड पिशवीत घातलं. चपला घालायला त्या दाराशी आल्या. दारात हेल्मेट हातात घेऊन खटपट्या उभा. बाजूला झाला असता तर त्या गेल्या असत्या.

"बाई, कापड नेऊ नका," तो म्हणाला. "तिच्या हाताला काही झालेलं नाही. फोन बिघडलाय. मी बिघडवलाय."

त्याने फोन शिलाई मशीनवर दोऱ्याच्या रिळाला टेकवून उभा केला, कॅमेरा लावला आणि दोन पावलं मागे सरला. पडद्यावर भिंत थरथरत होती. तिघंही बघत राहिली.

बाईंचा जीव भांड्यात पडला. "अगंबाई! म्हणजे नुसता कॅमेराच ना? देव पावला!" त्या चक्क हसल्या आणि कापड पिशवीतून परत काढायला लागल्या.

बायको हसली नाही. तिने विचारलं, "कधी कळलं तुम्हाला?"

आत्ताच, असं म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं.

"ताई आल्या होत्या ना, त्या दिवशी," तो म्हणाला. "माझं चुकलं."

बाईंच्या देखत ती काय बोलणार? तिने त्यांच्यासाठी चहा केला, मापाचं पुन्हा एकदा विचारून घेतलं, त्यांना दारापर्यंत पोचवलं. मग दार लावून घेतलं.

"मी तिकडे आईसारखं मरण डोळ्यांपुढे बघत होते," ती म्हणाली, "आणि तुम्ही सुया ओवत होता."

ओरडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. फोनवरून भांडली असती, गाडीवरून बोलली असती, तर तो मान खाली घालून ऐकून घेणार होता. पण त्यानंतर तिने तो विषयच काढला नाही.

सोमवारी कॅमेरा आला. तो बसवून घेऊन खटपट्या दुपारी धावतपळत घरी आला. रेशमी कापड कापून झालेलं होतं, कड अगदी सरळ. बायको खिडकीशी सुईत दोरा ओवत होती. तो पुढे होऊन उभा राहिला. दोरा नेढ्याशी गेला आणि बाजूने निघाला. तिने टोक ओठांत धरून ओलं केलं, पुन्हा नेलं. पुन्हा बाजूने गेला.

"अगं, आण इकडे, मी..."

तिने सुई खाली केली. रागावलेली नव्हती, थकलेली होती.

"तुम्ही जा बघू कामाला," ती म्हणाली. "सकाळपासून हात एकदाही चुकला नाही. तुम्ही बघत असलात की थरथरतो."

त्याने फोन मशीनवर ठेवला आणि जिना उतरून गेला.