दुसऱ्याच्या रेघा

लातुरात क्लासेसच्या गल्लीत व्यंकटीचं जुन्या पुस्तकांचं दुकान आहे आणि त्याला लागून माझं झेरॉक्सचं. माणूस मूळचा औशाचा, शाळा दहावीपर्यंत. पुस्तक हातात आलं की तो मजकूर नाही, रेघा बघतो. कोऱ्या पुस्तकाला त्याच्या लेखी किंमत नाही. आधीच्या पोराने ओळींखाली पेन्सिलने रेघा मारलेल्या असल्या आणि ते पोरगं पुढे डॉक्टरकीला लागलेलं असलं, की व्यंकटी ते पुस्तक प्रसादासारखं दोन्ही हातांनी देतो. "महत्त्वाचं तेवढं आखलेलं हाय. बाकीचं वाचून डोकं कशाला शिणवतो?" पोरंही खुशाल घेऊन जातात. मी त्याला चिडवतो, "लेका, तू पुस्तकं नाही, रेघा विकतोस."

धम्मप्रिया नावाच्या एका हुशार मुलीचं जीवशास्त्राचं पुस्तक मात्र त्याने विकलं नाही. ते आपल्या लेकीसाठी, ऋतुजासाठी, घरी नेलं. तिने वर्षभर त्यातल्या रेघा घोकल्या आणि डॉक्टरकीच्या 'नीट' परीक्षेत गुण कमी पडले. यंदा ती पुन्हा बसते आहे, त्याच पुस्तकावर. या खेपेला नाही जमलं तर लग्नाचं बघायचं, असं व्यंकटीने घरात सांगून टाकलंय. मला त्याचा राग येतो आणि मी तो बोलूनही दाखवतो.

परवा धम्मप्रिया स्वतःच दुकानावर आली. ती आता नांदेडला डॉक्टरकी शिकते. धाकट्या भावासाठी पुस्तकं हवी होती. व्यंकटी हरखून गेला. ऋतुजा त्याचा डबा घेऊन आलीच होती, तिला पुढे करत म्हणाला, "डॉक्टरताई, तुमच्याच रेघांवर अभ्यास करायली बघा ही."

धम्मप्रियाचा चेहरा उतरला. "काका, मला जे येत नव्हतं, त्याच्याखालीच रेघ मारायचे मी. येत होतं ते कशाला आखू?"

पोरीने वर्षभर दुसरीचं अडलेलं पाठ केलं होतं आणि तिचं स्वतःचं कुठं अडतंय, ते आम्ही कुणी विचारलंच नव्हतं. मला फार वाईट वाटलं. धम्मप्रिया गेल्यावर व्यंकटी उठला, समोरच्या दुकानातून कोरं करकरीत पुस्तक घेऊन आला आणि ऋतुजाच्या हातात पेन्सिल दिली. "तुला न्हाई येत तेवढं आख."

तिने पहिलं पान आखलं, अख्खं. मग दुसरं. पुढच्या पानावर तिचा हात थांबला आणि ती रडायलाच लागली. "पप्पा, लई हाय. तुम्ही लग्न लावून द्याल म्हणून सांगितलं न्हाई."

व्यंकटीने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्या मदतीला गेलो नाही. बोथटलेली पेन्सिल तिच्या हातातून घेऊन तो ब्लेडने टोक काढत बसला. मग खाली मान घालूनच म्हणाला, "किती का असंना, आख. लग्नाचं नाव काढणार न्हाई मी."