फाटकाबाहेर थांबणाऱ्या बाई

"घटस्फोट माझा झालाय, पोरीचा नाही." कुणी कीव करायला आलं की पदर खोचत त्या एवढंच म्हणायच्या. 

इंदूरजवळच्या आमच्या शहरात, फ्रीगंज भागातल्या सरकारी शाळेत त्या भूगोल शिकवायच्या, मी गणित. केस सुरू झाली तेव्हा वकिलांनी त्यांना सुचवलं, मुलीचा ताबा हवा तर सासूवरही आरोप करा. पोरीला मारते म्हणा.

"खोटं बोलून पोर मिळवली, तर उद्या तिला काय तोंड दाखवू?" त्या म्हणाल्या.

सोबत म्हणून मी कोर्टात गेले होते. समोरच्या वकिलानं विचारलं, "बच्ची दादी के साथ खुश रहती है?"

"जी, बहुत."

आमच्या वकिलांनी कपाळाला हात लावला. बाई शांतपणे पुढे बोलल्या, "मुझे सास ने खूब सुनाया है, साब. बच्ची को कभी नहीं."

ताबा त्यांनाच मिळाला. बापानं रविवारी भेटायचं ठरलं.

मग घराची शोधाशोध. माधव नगरातले एक घरमालक म्हणाले, "अकेली औरत हैं आप. लोग आएँगे-जाएँगे."

"आएँगे. ट्यूशन के बच्चे हैं. आप भी आइए, चाय पीजिए."

घर मिळालं. घरमालक खरंच चहाला येऊ लागले, तेही बायकोला घेऊन.

पुढे नवऱ्यानं दुसरं लग्न केलं, तो इंदूरला गेला आणि रविवारी यायचा बंद झाला. म्हातारी सासू जुन्या घरात एकटी राहिली. त्यानंतरच्याच रविवारी बाईंनी पोरीला स्कूटीवर बसवून आजीकडे नेलं. हे कळताच देवासहून त्यांचा भाऊ तणतणत आला.

"कोर्टानं बापाला भेटवायला सांगितलंय, म्हातारीला नाही. त्या घराची पायरी चढू नकोस."

"मी कुठे चढते? फाटकाशी थांबते."

आणि खरंच थांबायच्या. पोर आत, या बाहेर कडुनिंबाखाली स्कूटीवर बसून पेपर तपासायच्या. एका दुपारी मी तिथे होते. म्हातारी स्वतः खुर्ची ओढत बाहेर आली, सावलीत ठेवली आणि आत गेली. बाईंनी स्कूटीवरून उतरून खुर्ची घेतली.

म्हातारी गेली त्या दिवशी बाहेरगावाहून आलेला धाकटा दीर फाटकात आडवा उभा राहिला. "आता तुमचा काय संबंध?"

"माझा नाही. हिची आजी आहे. बाजूला व्हा."

नवरा मान खाली घालून उभा होता. दीर बाजूला झाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बाई आत गेल्या. पोरीनं आजीच्या तोंडात तुळशीपत्र ठेवलं, तोवर त्या तिच्या पाठीवर हात ठेवून ताठ उभ्या होत्या. रडल्या त्या माझ्या स्वयंपाकघरात. "आता रविवारी कुठे जायचं हो?"

पुढच्या उन्हाळ्यात त्यांची बदली भोपाळला झाली. मी स्टेशनवर पोचवायला गेले होते. सामान लावून झालं, तशी समोरच्या सीटवरच्या बाईंनी आपुलकीनं चौकशी केली, "भाईसाहब क्या करते हैं?"

"पता नहीं," या म्हणाल्या. "मुझसे पूछिए, मैं क्या करती हूँ."

गाडी हलली. खिडकीतून दिसलं, समोरच्या बाई थोड्या पुढे सरकून ऐकत होत्या, आणि या हातवारे करत काहीतरी समजावून सांगत होत्या.