मी नारळ फोडला नाही

ज्या मशिनवर मी सोमवारी ट्रायल दिली, त्याच मशिनवर शुक्रवारी माझ्यादेखत गोमूत्र शिंपडलं गेलं. तुकडा धरणाऱ्या चकवर, मशिनच्या दारावर, बटणांवर. बटणांवर जरा जास्तच, कारण तिथं माझी बोटं लागली होती. बाटली खुद्द मालकाच्या हातात. भोवती पंधरा-सोळा कामगार, कपाळाला गंध, हात जोडलेले. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.

"बघत काय उभा ऱ्हायलास? भायेर हो," मालक म्हणाला. "पूजा व्हायची हाय."

मी बाहेर झालो.

बेळगावजवळच्या मच्छेच्या औद्योगिक वसाहतीतला तो एक मध्यम कारखाना. पंपाचे शाफ्ट बनवतात. मालकाला सगळे अण्णा म्हणतात. मी टर्नर, लेथवर काम करणारा. जुनी कंपनी बंद पडली आणि सात महिने घरी बसलो होतो. घरी म्हणजे निपाणीत, म्हाताऱ्या बापाशेजारी.

सोमवारी अण्णांनी ड्रॉइंग दिलं, तुकडा दिला. मी शाफ्ट काढला. फोरमननं मायक्रोमीटर लावून दोनदा मोजला आणि अण्णांच्या हातात दिला.

"हात बरा हाय रं," अण्णा म्हणाले. "गाव कुठलं?"

"निपाणी."

"पाव्हणं कुठं?"

आमच्याकडं जात अशी विचारतात. आडनाव विचारतात, मग पाव्हणे विचारतात, आणि मधला हिशेब आपापला करतात. मी सांगितलं, आईचं माहेर गुंजीजवळ. अण्णांच्या चुलत्याची सून तिथलीच निघाली. "मग आपल्यातलाच की तू!" लगेच चहा आला. मला बसायला खुर्ची आली. तोवर मी उभाच होतो.

मला ते आवडलं. लिहायला लाज वाटते, पण आवडलं.

"शुक्रवारी ये. नव्या माणसानं आपल्या मशिनवर नारळ फोडायचा, मग मशीन त्याच्या ताब्यात. आमची रीत हाय."

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "व्हय अण्णा."

का म्हणालो, त्याला कारण आहे. जुन्या कंपनीत मी सहा वर्षं खोटं बोललो. दर शुक्रवारी आरतीला उभा राहायचो, ओठ हलवायचो, प्रसाद खायचो. प्रसादाबद्दल तक्रार नाही. पण ओठ हलवून हलवून माणूस थकतो. मशिनवर बारा तास उभं राहून येणारा थकवा झोपेनं जातो, हा जात नाही. ती कंपनी बंद पडल्यावर पहिल्याच मुलाखतीत मी सरळ सांगून टाकलं की मी देव मानत नाही. त्यांनी ट्रायलसुद्धा घेतली नाही. म्हणून या वेळी डोकं चालवलं. आधी काम दाखवायचं, मग बोलायचं. मला वाटलं, मापात बसलेला शाफ्ट हातात आल्यावर देवाचं कोण विचारतो?

विचारतात.

शुक्रवारी हातात नारळ दिला तेव्हा मी म्हणालो, "अण्णा, मी देव मानत न्हाय. नारळ दुसऱ्या कुणाला फोडू द्या. मी काम करतो."

अण्णांना आधी कळलंच नाही. "म्हंजे? ख्रिश्चन झालायस व्हय?"

"न्हाय."

"मग निळ्या झेंड्यातला हाईस? आडनाव खोटं सांगिटलंस?"

"आडनाव खरं हाय. मी कुठल्याच धर्मातला न्हाय."

"कुठल्याच धर्मातला न्हाय असा माणूस असतोय व्हय रं?" हे त्यांनी मला विचारलं नाही, सगळ्यांना विचारलं. शेजारच्या मशिनवरचा कन्नड ऑपरेटर हळूच म्हणाला, "बिडप्पा, सोड की, एक नारळ तर हाय. फोड आणि मोकळा हो." तो चांगल्या मनानं सांगत होता. तेच जास्त लागलं.

अण्णांनी माझ्या हातातला नारळ काढून घेतला आणि बाजूला ठेवून दुसरा आणायला लावला. मग ती बाटली.

संध्याकाळी निपाणीला आलो. बापाला सांगितलं.

माझ्या बापाबद्दल सांगायला हवं. तो एका खाजगी शाळेत कारकून होता आणि उरलेल्या वेळात पत्रकं वाटायचा. बुवाबाजीविरुद्ध, नवसाविरुद्ध, कोंबड्या-बकऱ्यांच्या बळीविरुद्ध. मी अक्षरं शिकलो ती ती पत्रकं घडी घालता घालता. 'विचार करा' हे मी वाचलेले पहिले दोन शब्द. मी सहावीत असताना शाळेनं सत्यनारायण घातला आणि पाटावर बसायची पाळी बापाची आली. तो बसला नाही. नोकरी गेली. आम्हाला तो केवढा मोठा वाटला तेव्हा! पत्रकं वाटणारी माणसं घरी येऊन त्याला मिठ्या मारून गेली.

त्यामुळं वाटलं, बाप पाठ थोपटेल.

तो म्हणाला, "फोडायचा हुतास नारळ."

"तुम्ही सांगताय हे?"

"मीच सांगतोय. मी ताठ ऱ्हायलो रं. पण वाकली तुझी आई. पंधरा वरसं बिड्या वळल्या तिनं, खोकून खोकून गेली. लोक मला भाषणाला बोलवत हुते. तिला कुणी विचारलं न्हाय, बाई, तुझं काय मत."

कुठल्याच पत्रकात ते छापलेलं नव्हतं. मी जेवलो नाही, तोही जेवला नाही.

मग मी ठरवलं. जाऊन नारळ फोडायचा. खरंच ठरवलं होतं. थकलो होतो.

मंगळवारी फोरमनचा फोन आला. मी काही विचारायच्या आधीच तो म्हणाला, "अण्णांचा राग गेलाय. या शुक्रवारी ये, नारळ फोड, चुकलो म्हण. मशीन ठेवलंय तुझ्यासाठी."

"एवढी मेहरबानी कशी काय?"

"आपल्यातला हाईस म्हणून. पोरगं वाट चुकलंय, येईल जाग्यावर, असं म्हणत हुते. दुसरा कोण असता तर परत दारात तरी उभा केला असता व्हय?"

"दुसरा म्हंजे?"

"आता तुला काय सगळं फोडून सांगू? गेल्या महिन्यात एक आलता मच्छेतलाच. ट्रायलला हात तुझ्यापेक्षा चांगला. देवबिव सगळं मानणारा. पाव्हणं विचारलं, आणि जागा भरली म्हणून सांगिटलं."

तो सहज बोलत होता. बाजारात वांगी कशी होती ते सांगावं, तसं. मी फोन कानाला धरून उभा राहिलो. चार दिवस मी स्वतःच्या अपमानाचा विचार करत होतो. आणि देव न मानणाऱ्या मला दोनदा बोलावणं आलं. देव मानणाऱ्या त्या पोराला एकदाही नाही. मला मिळालेली खुर्ची, चहा, माफी, सगळं त्याच्या वाट्याचं कापून आलेलं. तो नारळ देवापुढं फोडायचाच नव्हता, जातीपुढं फोडायचा होता.

"मी येत न्हाय," मी म्हणालो.

"येडा हाईस काय? परत असलं मशीन मिळंल?"

"न्हाय मिळायचं. अण्णांना सांगा, मी त्यांच्यातला न्हाय."

फोन ठेवला.

बापाला सगळं सांगितलं. त्यानं फक्त विचारलं, "आता तुझ्यासाठी कोण वाकंल?"

"कोण न्हाय. मीच."

दुसऱ्या दिवसापासून मी तंबाखूच्या वखारीत हमालीला लागलो. ट्रकमध्ये तंबाखूची बोदं, मोठाले गठ्ठे, चढवतो. नाकातोंडात तंबाखूची धूळ बसते, रात्री पाठ जमिनीला टेकत नाही. टर्नरचा हात हमालीत खराब होतो, मायक्रोमीटर धरताना बोटं जड पडतात. ठाऊक आहे. त्यात अभिमान वाटण्यासारखं काही नाही. पण माझ्या ताठपणाचा भार माझ्याच पाठीवर आहे. बापानं जी चूक केली ती मी करणार नाही, आणि त्यानं जे बरोबर केलं तेही सोडणार नाही.

सोमवारी बेळगावात उद्यमबागेत मुलाखत आहे. या वेळी मशिनला हात लावायच्या आधी सांगणार. मी देव मानत नाही, पूजेला उभा राहणार नाही, तुमच्या पूजेच्या आड येणार नाही. पाव्हणे विचारले तर सांगणार नाही. एवढं ऐकूनही ड्रॉइंग हातात दिलं तर शाफ्ट काढून दाखवीन. नाही दिलं तर मंगळवारी वखारीत जाईन आणि पुढच्या कारखान्याच्या दारात पुन्हा हेच बोलेन.